बिरदेवची सही

आकाराम इंगळेला सूतगिरणीनं नारळ दिला, तेव्हा त्याच्या निवृत्तीला आठ महिने राहिले होते. बातमी त्याच्या आधी गावात पोचली. औंधच्या अलीकडं फाट्यावर तो ट्रंक आणि वळकटी घेऊन वडापमधून उतरला, तर चहाच्या टपरीवरची माणसं बोलायची थांबली. एकानं न सांगता ट्रंक उचलली. घरापर्यंत कुणी तोंड उघडलं नाही, आणि घरी गेल्यावर सगळेच एकदम बोलायला लागले.

पुढचे चार-पाच दिवस माणसं दुखवट्याला यावीत तशी येत राहिली. ओसरीवर बसायची, चहा घ्यायची, मान हलवायची.

"पस्तीस वर्सं घासलीस गड्या," कुणी म्हणायचं. "आनि शेवटाला ह्यो न्याय? किडं पडतील त्यास्नी."

पुण्याला नोकरीत असलेल्या त्याच्या मुलानं, राजवर्धननं, तर फेसबुकवर बापाचा फोटो टाकून लांबलचक लिहिलं. माझ्या वडिलांनी आयुष्यात कुणाला फसवलं नाही, कुणाचं वाईट चिंतलं नाही, त्यांच्या इमानदारीला हे फळ मिळालं. शेजारपाजारचे लोक ते मोबाइलवर आकारामला वाचून दाखवायचे. तो ऐकून घ्यायचा आणि म्हशीला पाणी दाखवायचं निमित्त करून गोठ्याकडं जायचा.

लोकांना वाटायचं, माणूस खचलाय. त्याच्या बायकोला, मंगललाही तसंच वाटायचं. ती खमकी बाई. नवरा गिरणीजवळ खोली घेऊन राहायचा तेव्हा इथलं रान तिनंच सांभाळलं होतं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आवं, आठ म्हयन्यांनी घरी बसायचंच हुतं. ते आत्ता बसलासा. उद्यापासनं कांद्याला पानी तुमी द्यायचं."

तो पाणी द्यायला लागला. खचला होता हेही खरं होतं. पण नोकरी गेल्याचं दुःख जसं भडभडून यायला पाहिजे तसं येतच नव्हतं. यायला लागलं की मध्येच त्याला बिरदेव दिसायचा. टेबलावर वाकलेला, जीभ दातात धरून एकेक अक्षर पाडत सही करणारा.

बिरदेव आणि आकाराम एकाच महिन्यात गिरणीत चिकटलेले. गिरणी मिरजेच्या पलीकडं, कवठे महांकाळच्या अंगाला, उघड्या माळावर. बिरदेव त्याच भागातला, मेंढरं राखणाऱ्या घरातला. एका दुष्काळात बापाचा कळप मोडला आणि मुलगा कापसाच्या धुरळ्यात येऊन उभा राहिला. दोघांनाही सूत कातायच्या खात्यात घातलं. तिथं यंत्रांचा आवाज असा, की शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानाला तोंड लावावं लागे. त्या आवाजानं पंचवीस-तीस वर्षांत बिरदेवचे कान नेले. उजवा जवळजवळ गेलाच, डावा अर्धा राहिला. समोर बसून मोठ्यानं बोललं तरच त्याला उमगायचं. कामात मात्र त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. तुटलेला धागा तो न बघता, नुसत्या बोटांनी हुडकून जोडायचा.

आकाराम पुढं जॉबर झाला, म्हणजे खात्यातल्या माणसांवरचा मुकादम. बिरदेव कामगारच राहिला. त्यानं दोघांत काही फरक पडला नाही. बिरदेवची बायको बनाबाई नवऱ्याच्या डब्यात आठवड्यातून दोन-तीनदा तरी आकारामची भाकरी घालायची. कधी अंबाड्याची भाजी, कधी हुलग्याचं माडगं. अशी किती वर्षं गेली, त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

ह्या बनाबाईची एक हौस होती. गिरणीत रीत अशी, की निवृत्त होणाऱ्या माणसाच्या घरच्यांना शेवटच्या दिवशी आत बोलवायचं. तो ज्या यंत्रावर राबला ते त्यांना दाखवायचं, फेटा बांधायचा आणि गिरणीच्या जीपमधून त्याला दारापर्यंत पोचवायचं.

"मला त्ये मशीन बगायचंय," बनाबाई म्हणायची. "माज्या मानसाचं कान खाल्लं ते दिसतंय तरी कसं."

मागच्या वर्षी फेब्रुवारीत, बिरदेवचे नऊ महिने राहिले असताना, उदयसिंह साहेबांनी आकारामला केबिनमध्ये बोलावलं. साहेब तरुण होते, बोलायला गोड. खुर्ची दिली, चहा मागवला. नवी यंत्रं येणार होती, सुतानं भरलेल्या कांड्या आपोआप उतरवणारी. ठेकेदाराकडची माणसं काढायला काही लागत नव्हतं. पण एक कायम माणूसही कमी करायचा होता, आणि अडलं होतं ते तिथं.

"तुमच्या खात्यात जुने दोघंच, आकाराम. तुम्ही आणि बिरदेव. वरून एक नाव मागितलंय." साहेबांनी कपात साखर ढवळली. "त्याला ऐकू येत नाही म्हणे?"

आकाराम म्हणू शकला असता, साहेब, ह्याच गिरणीनं त्याचे कान नेलेत. म्हणू शकला असता, धागा जोडायला कान लागत नाहीत. त्यानं नुसती मान हलवली.

मग साहेबांनी एक कागद पुढं सरकवला. गडबड नको, युनियन मध्ये नको, त्यानं आपणहून सोडलं असं झालं तर सगळ्यांनाच बरं. "तो तुमचं ऐकतो," साहेब म्हणाले.

घराच्या स्लॅबचं काम अर्ध्यावर होतं, राजवर्धनचं लग्न ठरत होतं, अशी कारणं आकारामनं पुढं पुष्कळ गोळा केली. पण त्या वेळी केबिनमध्ये त्याच्या डोक्यात ह्यातलं काहीच नव्हतं. नुसती भीती होती. कागद घेऊन तो बाहेर पडला.

जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनच्या टेबलावर त्यानं तो बिरदेवसमोर ठेवला. 'घरगुती अडचणीमुळे मी स्वखुशीने नोकरीचा राजीनामा देत आहे,' असं त्यावर छापलं होतं. बिरदेवला वाचता यायचं, सावकाश; पण चष्मा त्या दिवशी घरी राहिला होता.

"कशाचं हाय?" त्यानं विचारलं.

"फंडाचं हाय. सही कर."

"तू वाचलायस न्हवं?"

"वाचलाय."

"मग झालं," म्हणत बिरदेवनं हात पुसले आणि सही केली.

पाचव्या दिवशी त्याला वॉचमननं फाटकावर अडवलं. आकारामला वाटलं, आता हा आपल्या नरड्याला हात घालणार. पण बिरदेव त्याच्याकडं आला तो डोळ्यांत पाणी घेऊन. "तुलाबी फशिवलं व्हय रं साहेबानं? फंडाचं म्हनून?"

सुटका अशी समोरून चालत आली होती. आकारामनं ती घेतली. एवढंच करून तो थांबला नाही. "मी लय भांडलो त्याच्यासंगं," तो मोठ्यानं म्हणाला. "न्हाई ऐकला." पहिल्या खोट्याला त्याची जीभ अडखळली होती. दुसरं सहज निघालं.

बिरदेव एका बागायतदाराच्या द्राक्षबागेत राखणीला लागला, दारात पाच शेळ्या बांधल्या. कुणी विचारलं तर सांगायचा, माझ्यासाठी आकाराम साहेबाच्या अंगावर गेला. बनाबाईनं भाकरी पाठवायचं बंद केलं नाही. आता डबा न्यायला नवरा नव्हता, तर ती वस्तीवरच्या दुसऱ्या कामगाराकडं द्यायची. आकाराम ती भाकरी खायचा. परत कुठल्या तोंडानं पाठवणार? नोव्हेंबर आला, गेला. बनाबाईनं यंत्र पाहिलं नाही.

आणि जानेवारीत तसाच कागद उदयसिंह साहेबांनी आकारामपुढं सरकवला. शब्द तेच, मधली काना-मात्राही तीच. आकारामजवळ चष्मा होता. त्यानं कागद दोनदा वाचला, साहेबांकडं पाहिलं, आणि सही केली. भांडायला तोंड उघडायचं तर आधी काय बोलावं लागेल, हे त्याला ठाऊक होतं.

गावी येऊन दहाएक दिवस झाले असतील. सकाळी अकराच्या सुमाराला आकाराम कांद्याला पाणी देत दारं मोडत होता. बांधावरून मंगलनं हाक मारली. "पावनं आल्यात!"

बिरदेव आला होता. तासगाव, विटा करत, तीन गाड्या बदलून. धोतर-टोपी, खांद्यावर घोंगडं, हातात कापडी पिशवी. पिशवीत बनाबाईनं दिलेल्या दशम्या आणि घरचे बेदाणे. आकारामला बघताच त्यानं पिशवी बांधावर ठेवली आणि त्याला उराशी धरलं.

"मला परवा कळलं रं," तो बहिऱ्या माणसाच्या चढ्या आवाजात म्हणाला. "लय वंगाळ झालं. माज्या टायमाला तू भांडलास. तुज्या टायमाला भांडाय मी न्हवतो."

आकारामनं मान खाली घातली. बिरदेवला वाटलं, दुःखानं. तो त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

दुपारी जेवण झालं. बिरदेव एकटाच बोलत होता. शेळ्या राखायला काही वाटत नाही, पहिले दोन महिने जड जातात, मग माणूस सरावतो. घरी बसून राहू नकोस. मशीनचा आवाज डोक्यात घुमत राहतो, तोही कमी होतो. वर्षभर सोसून मिळवलेलं शहाणपण तो ताटात वाढल्यासारखं देत होता. आकाराम भाताकडं बघत हूं हूं करत होता. साडेतीनच्या गाडीला त्यानं बिरदेवला औंधच्या स्टँडवर सोडलं.

परत आला तर मंगल दारातच होती. "एवढ्या लांबनं मानूस आलं, आनि तुमी त्येच्या तोंडाकडं बघितलंसुदीक न्हाई. काय झालंय?"

मग त्यानं सांगितलं. केबिन, कागद, फंड, सगळं. मंगल सुपात तांदूळ निवडत होती, तिचे हात थांबले. तिला आठवलं असेल, दर दिवाळीला बनाबाई आवर्जून तिच्यासाठी काहीबाही पाठवायची. तो बोलायचा थांबला, तशी तिनं हातातला खडा अंगणात फेकला. ती शिव्या देईल, निदान रडेल, असं त्याला वाटलं होतं.

"ह्ये मला कशापायी सांगतासा?" ती शेवटी म्हणाली. "ज्येंचं हाय त्येंस्नी सांगा." आणि सूप उचलून आत गेली.

जायला त्याला आठवडा लागला. रोज काही ना काही काम निघायचं. आठव्या दिवशी मंगलनंच धुतलेला सदरा काढून खुंटीला लावला, तेव्हा तो उठला.

बिरदेवच्या वस्तीवर पोचला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. शेजारच्या शेडपुढं चार बायका बेदाणा निवडत बसल्या होत्या. बनाबाई लगबगीनं पुढं आली. "या भावजी, या! आवं, उटा की, कोन आलंय बगा!" तिनं बाजेवर वाकळ टाकली, पाणी दिलं, चुलीवर चहा ठेवला. बिरदेव समोर उकिडवा बसला.

आकारामनं वाटेत सगळं जुळवून ठेवलं होतं. आधी हे, मग ते. इथं बसल्यावर त्यातलं काही उरलं नाही. तो जमिनीकडं बघत पुटपुटला.

"काय?" बिरदेव म्हणाला. "वर बघून बोल की. आनि मोट्यानं. कळंना मला."

आकारामनं मान वर केली. गुन्हा कानात सांगायची सोय नव्हती. "तो कागद," तो मोठ्यानं म्हणाला, "तो फंडाचा न्हवता."

"कंचा?"

"तुज्या सहीचा! राजीनामा हुता त्यो. मला म्हाईत हुतं!"

शेडपुढच्या बायकांचे हात थांबले. बिरदेवचं तोंड हसरंच होतं. ऐकण्यात काही चूक झाली असं त्याला वाटलं असावं. त्यानं डावा कान पुढं केला. आकारामला ते पुन्हा सांगावं लागलं, आणखी मोठ्यानं. साहेबानं फसवलं नाही. मी फसवलं. दोघांतला एक जायचा होता. मी तुझं नाव पुढं केलं. भांडलो म्हणालो तेही खोटं. एकही शब्द भांडलो नाही. सगळ्या वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात, घशाच्या शिरा ताणून, तो हे ओरडून सांगत होता. मध्येच एक शेळी ओरडली, तर ते वाक्य त्याला तिसऱ्यांदा म्हणावं लागलं.

बिरदेवच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं.

"तू वाचलायस म्हनलास," तो म्हणाला.

"व्हय."

"मी इचारलं तुला. वाचलायस न्हवं म्हनून."

"व्हय."

बिरदेव उठला. आकारामला वाटलं, आता मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण बिरदेवनं कोपऱ्यातली काठी घेतली, शेळ्या सोडल्या आणि माळाच्या दिशेनं चालू लागला. एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

बनाबाई चुलीपाशी उभी होती. चहा उतू जाऊन जाळावर चुर्र झाला, तरी तिनं पातेलं उतरवलं नाही. "माज्या हातची भाकर खाल्लीसा तुमी," ती म्हणाली. "कागदाच्या आदीबी आनि मागनंबी." तिचा आवाज चढला नव्हता. "आता जावा. परत येऊ नगासा."

सांगून टाकलं की मन हलकं होतं, असं लोक म्हणतात. आकारामचं झालं नाही. आधी एक गोष्ट लपवायची तरी होती. आता नुसती ती गोष्ट होती. बिरदेवच्या चेहऱ्यावरचं हसू जाताना तो शेतात, देवळात, जेवताना बघत राहिला. राजवर्धनला त्यानं फोन करून सांगितलं. "बरं, दादा," एवढंच मुलगा म्हणाला. दोन दिवसांनी फेसबुकवरची ती पोस्ट नाहीशी झाली. त्यावर बापलेक कधी बोलले नाहीत.

मार्चमध्ये आकाराम सांगलीला गेला. गिरणीतल्या जुन्या युनियनचे हंबीरराव तिथं राहायचे. आता म्हातारे झाले होते, पण कायदा पाठ होता. त्यांना त्यानं विचारलं, बिरदेवचा राजीनामा फसवून घेतला असं मी लिहून दिलं तर काही होईल का?

हंबीररावांनी चष्म्यावरून त्याच्याकडं पाहिलं. "बिरदेवचं होईल. तुझं काय व्हायचं न्हाई. तू वाचून सही केलीयस. वर गिरणी म्हणंल, ह्यानंच फसवलं, आमचा काय संबंध. दोष तुझ्या गळ्यात येईल. चारचौघांत नाव खराब होईल."

"त्ये झालंच हाय," आकाराम म्हणाला. "वस्तीवर."

त्यानं जे घडलं ते तीन पानांत लिहून दिलं. साहेब काय म्हणाले ते लिहिलं, आणि आपण काय केलं तेही, कुठंही सावरून न घेता. अर्ज बिरदेवनं करायचा होता. त्यासाठी हंबीरराव स्वतः वस्तीवर गेले. बिरदेवनं आकारामचे कागद चष्मा लावून, बोट फिरवत, दीड तास वाचले. मग अर्जावर सही केली. त्याआधी तोही दोनदा वाचला, असं हंबीरराव सांगत होते.

सांगलीच्या कामगार कार्यालयात तारखा पडत गेल्या. पहिल्या तारखेला गिरणीच्या वकिलानं आकारामला उभं-आडवं घेतलं. "म्हणजे तुम्ही खोटं बोललात?" "व्हय." "मित्राशी?" "व्हय." "मग आज खरं बोलताय कशावरून?" आकारामनं बाकाकडं पाहिलं. बिरदेव बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला होता. मध्ये चार माणसांची जागा रिकामी. वकिलाचं बोलणं त्याला ऐकू येत नव्हतं, पण आकारामचं तोंड दिसत होतं, आणि तो टक लावून तिथंच बघत होता. बाहेर पडल्यावर आकारामनं चहाचं विचारलं. बिरदेवनं ऐकू न आल्यासारखं केलं, किंवा खरंच ऐकू आलं नसेल. तीनही तारखांना हेच.

दिवाळीनंतर गिरणीनं तडजोड केली. वर्तमानपत्रात नाव यायला नको होतं. बिरदेवचा राजीनामा रद्द झाला, तो वयोमानानं निवृत्त झाला अशी नोंद झाली आणि राहिलेल्या महिन्यांचं जे त्याचं होतं ते त्याला मिळालं. फेटा आणि जीप मात्र मिळाली नाही. ती नवी यंत्रं आली होती, जुनी भंगारात गेली होती. बनाबाईला दाखवायला काही उरलं नव्हतं. आकारामच्या स्वतःच्या कागदाचं काहीच झालं नाही. त्यानं त्यासाठी अर्जही केला नव्हता.

पुढच्या मे महिन्यात टपालानं एक लग्नपत्रिका आली. बिरदेवच्या धाकट्या मुलीचं, सोनियाचं लग्न. पाकिटावर नाव आकारामचं होतं, अक्षर कुणा तिसऱ्याचंच. बोलावणं बिरदेवचं, बनाबाईचं की पत्ते लिहिणाऱ्यानं जुन्या यादीवरून उतरवलेलं, काही कळायला मार्ग नव्हता.

"जाऊ का?" त्यानं मंगलला विचारलं.

"मी येत न्हाई," ती म्हणाली. "मला बनावैनीच्या म्होरं हुबं ऱ्हाता येनार न्हाई. तुमी जावा."

तो गेला. मांडवात सगळ्यात मागच्या खुर्चीवर बसला. अक्षता पडल्या. वस्तीवरची माणसं त्याला ओळखत होती. कुणी बोललं नाही, कुणी उठही म्हणालं नाही. बनाबाईनं लांबून पाहिलं आणि नजर दुसरीकडं वळवली. जेवणाच्या पंगती बसल्या. ऊन मी म्हणत होतं, वाढपी कमी पडत होते. आकाराम खांबाला टेकून उभा होता. पंगतीत बसावं तर बसवत नव्हतं, निघून जावं तर पाय निघत नव्हता.

बिरदेव पंगतीतून हात जोडत फिरत होता. फिरत फिरत तो खांबापाशी आला, थांबला. त्याच्या कपाळावर भंडारा होता, सदरा घामानं भिजला होता. सव्वा वर्षात तो आकारामशी एक शब्द बोलला नव्हता.

"त्या कडंच्या वळीला पानी पोचलं न्हाई," तो म्हणाला, आणि पुढं गेला.

आकारामनं पिंपातून जग भरून घेतला. कडेची ओळ, मग तिच्या मागची, मग बायकांची. तीन वाजेपर्यंत तो पाणी वाढत होता. जेवायला कुणी बस म्हणालं नाही आणि तो बसला नाही. चारच्या गाडीनं निघाला.

घरी मंगल वाट बघत होती. "बोललं का काय?"

"पानी पोचलं न्हाई म्हनला."

"मग?"

"मग वाडलं."

मंगलनं चुलीत लाकूड सारलं. "जेवला न्हाईसा वाटतं," म्हणत ती भाकरी थापायला बसली.